लिसावेताची मुखत्यार

१

रोज सकाळी उठलं की मी आधी चुलीवर पाणी ठेवायची, मग मागचं दार उघडून कोंबड्याला दोन शिव्या हासडायची, आणि मग फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. आमच्या ओल्तेनिया प्रांतात प्रत्येक फाटकाबाहेर एक बाक असतो आणि प्रत्येक बाकावर एक म्हातारी. येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घेणं हे आमचं काम, आणि ते आम्ही चोख करतो.

कोंबड्याचं नाव कप्तान. पोस्टमन नेलूच्या पोटरीतून त्याने दोनदा रक्त काढलंय, फादर पाम्फिलचा झगा फाडलाय. मला मात्र तो कधी शिवला नाही. मी त्याच्या चोचीत बोट घातलं असतं तरी चालवून घेतलं असतं त्याने. तसं घालायला पूर्ण बोटही नव्हतं म्हणा. माझ्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच, लहानपणी कडबाकुट्टीत गेली. त्या बोटावरून गावात मला लांबूनही ओळखतात.

नवरा गेला तेव्हा मागे घर राहिलं, उतारावरची आलुबुखारची बाग राहिली आणि मी राहिले. मुलगा कॉर्नेल स्पेनमध्ये घरं बांधतो, दुसऱ्यांची. बाग त्याच्यासाठी राखायची, एवढंच माझं म्हणणं. त्याच्या बापाने एकेक झाड कलम केलंय तिथे. पण माझे गुडघे गेले, आणि कर भरा, बँकेत जा, बागेच्या खंडाचं बघा, या सगळ्यासाठी तालुक्याच्या गावाला हेलपाटे घालणं काही जमेना.

"आई, कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र देऊन टाक," कॉर्नेल फोनवर म्हणाला.

"तू ये की."

"मी आलो तर इथलं काम कोण करणार?"

"बरं आहे. तिथूनच हाक उंटावरून शेळ्या."

तो हसला. "वालेरिया काकूला दे ना. समोरच राहते. कचेरीत जन्म गेलाय तिचा, कागद कळतात तिला."

वालेरिया त्रिफान. आयुष्यभर शहरात नोकरी करून म्हातारपणी मेलेल्या भावाच्या घरात येऊन राहिलेली. माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे, आणि खरं सांगायचं तर चांगलंही फारसं बोलत नसे. बाई खोलीत आहे हे तुम्हाला जरा वेळाने कळायचं. तिला विचारलं, "होशील का गं माझी मुखत्यार?" तर खाली बघून म्हणाली, "ताई, तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना."

नोटरीकडे गेलो. आमच्याकडे नोटरी सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, मग सही. त्याने सुरू केलं. मिळकत सांभाळणे, भाड्याने देणे, विकणे, गहाण टाकणे, दान देणे, लिसावेताबाईंच्या जागी आणि लिसावेताबाईंच्या वतीने हजर राहणे. मध्येच थांबून म्हणाला, "ताई, दानाचं कलम आहे यात. नीट ऐकलंत ना? हवं तर काढतो."

मी घरी चुलीवर घेवडा ठेवून आले होते. मंद आचेवर, पण आच ती आच. मी म्हटलं, "सगळं असू द्या. माझा घेवडा करपतोय."

आणि सही ठोकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२

आमच्याकडे ज्यांची मुलं परदेशी, ती माणसं आपल्या मरणाचं जेवण आपल्या हयातीतच घालून घेतात. मागाहून कोण घालणार? विमानातून उतरून कोलिवासाठी, त्या मरणाच्या गोडासाठी, गहू कोण शिजवत बसणार? म्हणून आपणच गहू शिजवायचे, साखर-अक्रोड घालायचे, गाव जेवायला बोलवायचं, आणि टेबलाच्या डोक्याशी हातात पेटती मेणबत्ती घेऊन बसायचं. फादर आपलं नाव घेऊन प्रार्थना म्हणतात. झालं, आत्म्याची सोय झाली.

याच दिवशी आपल्या वयाच्या एका बाईला नवे कपडे द्यायचे. डोक्यावरच्या रुमालापासून चपलेपर्यंत. माणूस मेल्यावर जेवण घालतात तेव्हा ते कपडे घेणारी बाईच डोक्याशी बसते, मेलेलीच्या जागी, आणि तिला मेलेलीसारखंच वाढतात. पण जिवंतपणीच्या जेवणाला तिथे आपण स्वतः बसायचं असतं. कपडेवालीने बाजूला. एवढा साधा नियम आहे, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला.

मी कपडे वालेरियालाच दिले. मुखत्यार तीच, कपडेवालीही तीच, दोन बायकांचे मान राखण्यापेक्षा एकीचा राखलेला बरा, असा माझा हिशेब. निळी फुलं असलेला झगा, काळा रुमाल, लोकरीचं जाकीट. तिने ते लगेच अंगात घातले. तिला इतके बेतशीर बसले की शिंपीण असते तर मीच स्वतःची पाठ थोपटली असती.

अंगणात टेबलं मांडली होती. फादर पाम्फिल अजून चष्मा पुसत होते. मी डोक्याशी बसले, मेणबत्ती पेटवली, आणि तेवढ्यात मला वास आला. चोर्बा. आमचं आंबट सूप, मोठ्या हंड्यात मागच्या चुलीवर ठेवलेलं. ढवळायला बसवलेली शेजारीण गप्पा मारत होती आणि हंडा उतू चालला होता.

दुसरी कुणी बाई बसून राहिली असती. मला ते जमत नाही. पण पेटलेली मेणबत्ती खाली ठेवायची नसते. मी वालेरियाला म्हटलं, "ये, धर ही. दोन मिनिटं बस इथे, मी हंडा उतरवून आले."

"मी आहे ना," ती म्हणाली, आणि बसली.

हंडा उतरवला, शेजारणीला झापलं, चव घेतली, मीठ कमी होतं ते घातलं, वर माझी नेहमीची हिरवी पानं टाकली. डाव घेऊनच परत आले तर प्रार्थना सुरू झाली होती. फादर म्हणत होते, "तुझी दासी लिसावेता हिच्या आत्म्याला..." आणि सगळ्या गावाच्या माना टेबलाच्या डोक्याकडे वळलेल्या. तिथे निळ्या फुलांचा झगा घालून, दोन्ही हातांत मेणबत्ती धरून वालेरिया बसली होती. मला कुणी वाट दिली नाही. मी दोघातिघांच्या खांद्याला हात लावला. एकीने जराही न वळता मला बाजूला सारलं, वाढप्या बाईला सारतात तसं.

प्रार्थना संपल्यावर मी हसत म्हटलं, "फादर, मी इकडे आहे."

ते म्हणाले, "असू दे, असू दे. देवाला सगळं कळतं."

तेव्हा मला ते पटलं होतं.

३

वालेरियाने कामं उत्तम केली. कर भरला, खंड वसूल केला, पावत्या दोरीत ओवून माझ्या खिळ्याला टांगल्या. तालुक्याला जाताना माझं ओळखपत्र घेऊन जायची, आल्यावर परत द्यायची. मी न बघता पिशवीत टाकायची.

माझे गुडघे सुजले तशी ती सकाळपासून माझ्याकडेच येऊ लागली. "तुम्ही बसा ताई. मी आहे ना." पाणी ती ठेवू लागली. दार ती उघडू लागली. एकदा सकाळी पडल्यापडल्या मी ऐकलं, ती मागच्या दारात उभी राहून कप्तानला शिव्या देत होती. माझ्याच शिव्या, माझ्याच क्रमाने, शेवटची जरा लांबवून. मी पांघरुणात हसले. म्हटलं, मेल्या कचेरीवालीला निदान शिव्या तरी शिकवल्या.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेले आणि कप्तानने माझ्या पोटरीला चोच मारली. चांगलं मांस निघेपर्यंत. मी त्याला लाथ घातली. तो फडफडत गेला आणि वालेरियाच्या झग्याआड उभा राहिला.

मी बुद्धी चालवली. कोंबड्याला काय अक्कल? जो दाणा टाकतो त्याचा तो. सध्या दाणा ती टाकते. संपलं.

मग बाकावर. ती माझ्या शेजारी बसायला लागली होती. रस्त्याने गवताची गाडी गेली, गाडीवाला टोपी उचलून म्हणाला, "काय लिसावेताताई, बरं ना?" मी तोंड उघडलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि तिने उत्तर दिलं, "मरायला टेकलेय, पण तुझ्या आधी नाही जात." हे माझं वाक्य आहे. पंचवीस वर्षं या बाकावरून मी हेच म्हणत आलेय.

"अगं, तू कशाला बोललीस?" मी विचारलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून, ताई."

गाडीवाल्याला मोतीबिंदू आहे. झगा नवा, रुमाल माझ्या पद्धतीने बांधलेला. कुणीही फसेल. मी स्वतःला हे समजावलं, आणि त्या संध्याकाळी मला अर्ध्या बोटाच्या नसलेल्या टोकाला खाज सुटली. तसं ते अधूनमधून होतं. डॉक्टर म्हणतात, शरीराला आठवण असते. पण आधी ती खाज हवेत असायची. या वेळी मी खाजवलं आणि बरं वाटलं.

४

कॉर्नेलचा फोन रविवारी येतो. त्या रविवारी मी उचलला.

"वालेरिया काकू? आईला देता का?"

"अरे गाढवा, मीच आहे."

तो गोंधळून हसला. "काकू, तुम्ही पण आता आईसारखं बोलायला लागलात. तिच्या संगतीचा परिणाम. द्या ना तिला."

"कॉर्नेल, तुझ्या डाव्या पायाला भाजल्याचा डाग आहे. माझ्या इस्त्रीने. मी तुझी आई आहे."

 मग तो अगदी हळू, समजूत घालावी तसा म्हणाला, "काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? आई म्हणत होती मागच्या आठवड्यात, की तुम्ही अलीकडे जरा... काही हरकत नाही. वयाने होतं."

माझ्या हातातून फोन कुणीतरी अलगद काढून घेतला. वालेरिया. कणीक मळता मळता आली होती, पीठ लागलेले हात झग्याला पुसत. "काय रे बाळा," ती म्हणाली, "जेवलास का?"

आणि माझ्या पोटच्या पोराने तिकडून सुटकेचा श्वास सोडला. तो मला ऐकू आला. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, नवऱ्याला पुरून परत आले त्या दिवशीही नाही.

मी भिंतीला धरून उभी राहिले आणि तिचं बोलणं ऐकलं. पाणी कमी पितोस. खाली वाकून विटा उचलू नकोस. मी म्हटलं असतं तेच, त्याच शब्दांत. फोन ठेवून ती वळली आणि मायेने म्हणाली, "तू बस गं. उभी का?"

तोवर ती मला ताई म्हणायची.

५

रागाने माणूस शहाणं होत नसलं तरी त्याचे गुडघे चालायला लागतात. मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन मुखत्यारपत्र रद्द करायचं ठरवलं. पिशवी घेतली, रुमाल बांधला आणि फाटकाशी आले, तर रस्त्यावर मोटार. क्रायोवा शहराहून आलेला एक माणूस, बुटाला चिखल लागू नये म्हणून टाचांवर चालणारा. त्याच्या माणसांनी बागेत दोऱ्या ताणल्या होत्या. माझ्या नवऱ्याच्या कलमांच्या बुंध्यांना लाल रंगाच्या खुणा केल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"सौर पॅनेल बसवणार, मावशी. उतार छान आहे, दक्षिणेकडे तोंड. झाडं निघतील तेवढी," तो म्हणाला. "मालकीणबाईंशी बोलणं झालंय. उद्या सही."

"मालकीण मी आहे."

तो अवघडून घराकडे बघू लागला. मीही बघितलं.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती आत पोळपाटाशी उभी राहून पीठ मळत होती, पाठीमागून ऊन येत होतं. पिठात बुडालेले दोन्ही हात वर-खाली होत होते. मग तिने डावा हात उचलून कपाळावरचे केस मागे सारले. तर्जनी अर्ध्यातच संपली होती.

पीठ चिकटलेलं असेल. बोट दुमडलेलं असेल. उन्हाने डोळे दिपतात. हे सगळं मी एका दमात स्वतःला सांगितलं. तिने हात परत पिठात घातला, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली, फाटकाबाहेरच्या शेजारणीला हलवतात तेवढी.

मी माझा डावा हात कोटाच्या खिशात घातला. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. बसमध्ये, तालुक्याच्या थांब्यावर, नोटरीच्या जिन्यात, मी तो बाहेर काढला नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याचा राग येत होता.

६

"कुलमुखत्यारपत्र रद्द करायचंय," मी नोटरीला सांगितलं.

"ओळखपत्र?"

मी उजव्या हाताने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. "वालेरियाबाई," तो म्हणाला, "ते तुम्हाला रद्द करता येणार नाही. देणारीने स्वतः यायला हवं. तुम्ही लिसावेताबाईंना घेऊन या."

"मीच लिसावेता."

त्याने कार्ड माझ्याकडे फिरवलं. नाव वालेरिया त्रिफान. तालुक्याला नेऊन आणताना तिने बदललं असणार, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. मग मी फोटो बघितला. या कार्डांवरच्या फोटोंत सगळ्याच बायका तुरुंगातून सुटल्यासारख्या दिसतात. पांढरे केस, ओघळलेले गाल, बारीक ओठ. मी खूप वेळ बघितला. ती होती की मी, हे मला ठरवता येईना.

"पाणी आणू का?" नोटरी म्हणाला. भला माणूस आहे.

मी ओरडू शकले असते. टेबल बडवलं असतं, तर त्याने दोन पोलीस बोलावले असते, त्यांनी गावात फोन केला असता, आणि गावाने एकमुखाने सांगितलं असतं की लिसावेताताई घरी पीठ मळतेय आणि समोरच्या वालेरियाचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही. उद्या सही. परवा कुऱ्हाडी.

"बरं," मी म्हटलं. "रद्द नाही करता येत. मग मी वालेरिया म्हणून काय काय करू शकते?"

"तुम्ही मुखत्यार आहात. रद्द करणं सोडून सगळंच."

"वाचा सगळंच."

त्याने पत्र काढलं आणि वाचलं. आज चुलीवर काही नव्हतं. मी एकेक शब्द ऐकला. सांभाळणे. भाड्याने देणे. विकणे. गहाण टाकणे.

"दान देणे," तो म्हणाला.

"थांबा तिथे."

 बाहेर कुठेतरी शाळा सुटली होती, पोरांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, "लिसावेताचं घर आणि आलुबुखारची बाग तिच्या मुलाला द्यायची. कॉर्नेलला. आज. आत्ता. सौदा कुठला ठरला असेल तर त्याच्या आधी."

"मुलाची संमती लागेल."

"पाठवेल तो. त्याला फोन लावा आणि सांगा, आईची इच्छा आहे."

त्याने फोन लावला. मी बोलले नाही, नोटरीच बोलला. कॉर्नेल तिकडे रडला म्हणे. "आईला माझ्याकडून..." वगैरे काहीतरी. नोटरीने मला सांगायचा प्रयत्न केला, मी म्हटलं राहू द्या.

कागद तयार झाले. त्याने पेन दिलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. आता मला थांबायला हवं होतं, हे मला माहीत होतं. आतापर्यंत लोकांची चूक होती, मोतीबिंदू होता, झगा होता, कार्डांची अदलाबदल होती. एकदा मी स्वतःच्या हाताने ते नाव लिहिलं की माझ्याकडे बोलायला तोंड उरणार नव्हतं. त्या जेवणाला वालेरियाच्या हातात मेणबत्ती देऊन मी खुर्चीतून उठले होते, तसंच हेही उठणं होतं, फक्त या वेळी जाणूनबुजून.

पण लाल खुणांच्या त्या कलमांवर कुऱ्हाड पडलेली मी बघणार नव्हते. नाव गेलं तर गेलं. झाडं राहिली पाहिजेत.

कागद हलत होता, तो धरायला दुसरा हात लागतो. मी डावा हात खिशातून काढून कागदावर ठेवला आणि सही केली. वालेरिया त्रिफान, स्वच्छ अक्षरात. मग हाताकडे बघितलं. पाच बोटं होती. तर्जनीला नख होतं, नखाखाली थोडं पीठ होतं.

असू दे. कागद छान धरला त्याने.

७

त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा ती टेबलाच्या डोक्याशी बसून जेवत होती. माझी खुर्ची, माझी वाटी. मी दारातून सगळं सांगितलं. बाग कॉर्नेलची झाली, क्रायोवावाल्याला परत पाठव, तुझ्या सहीला आता कुत्रं विचारणार नाही.

तिचा चमचा थांबला. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी तिचं स्वतःचं दिसलं, आणि तो राग होता. मग ते पुसलं गेलं. "बरं केलंस, वालेरिया," ती म्हणाली. "मी म्हणणारच होते तसं. ये, दोन घास खा."

"तुझ्या हातचं नको."

मी रस्ता ओलांडला. पिशवीतली किल्ली समोरच्या घराच्या कुलपाला लागली. आत कधी गेले नव्हते, पण दिव्याचं बटण कुठे आहे ते हाताला माहीत होतं. मी तिथे फार विचार करत बसले नाही. चूल पेटवली.

आयत्या बिळावरचा नागोबा समोर राहतो आणि मी रोज सकाळी माझ्या बाकावरून त्याला बघते. ती तिच्या बाकावरून मला बघते. गाव म्हणतं, वालेरिया आता भलतीच तोंडाळ झालीये, पूर्वी किती गरीब बाई होती. म्हणू दे. क्रायोवाचा माणूस पुन्हा आला नाही. झाडांवरच्या लाल खुणा पावसाने धुतल्या आणि यंदा फांद्यांना टेकू द्यावे लागले इतकी फळं धरली.

ऑगस्टच्या सणाला कॉर्नेल आला. आईला मिठी मारली, बागेत फिरला, बुंध्यांवरून हात फिरवले. दुपारी तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "काकू, तुमचे आभार मानायला आलो. आईच्या मनातलं तुम्ही केलंत."

"बस," मी म्हटलं. "जेवलास?"

"जेवलो. आई आताशा चोर्ब्यात ती हिरवी पानं घालत नाही. चव वेगळी लागते."

मी वाडगा भरून पुढे ठेवला. पानं घातलेला चोर्बा, मीठ नेटकं. त्याने एक चमचा घेतला, दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. खूप वेळ. त्याचे डोळे भरून आले होते आणि का भरलेत ते त्याला कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्याचा डावा पाय टेबलाखाली होता, भाजल्याच्या डागाचा. मला त्याला पोटाशी धरायचं होतं.

"गरम आहे, सावकाश खा," मी म्हटलं. त्याने सगळं संपवलं. जाताना उंबऱ्यात थबकला, काही विचारणार होता, आणि तेवढ्यात समोरून तिने हाक मारली.

त्याला जाऊ दिलं मी. घाई करून माझं काय झालं ते मी बघितलंय.

ती हल्ली खोकते. कोरडा, खोल खोकला, रस्त्यापलीकडे ऐकू येतो. डॉक्टर दोनदा येऊन गेले. मी तिचं वाईट चिंतत नाही, उगाच देवाला का चिडवावं? पण ती गेल्यावर जेवण घालतील, कारण मेल्यावरचंही घालावंच लागतं. टेबलं मांडतील. नवे कपडे काढतील, रुमालापासून चपलेपर्यंत, आणि तिच्या वयाची बाई शोधतील, डोक्याशी बसवायला. गावात तिच्या वयाची एकच बाई उरलीये. फादर विचारतील, आहे का कुणी? मी म्हणेन, मी आहे ना.

मग ते माझ्या हातात पेटती मेणबत्ती देतील आणि सगळ्या गावासमोर नाव घेतील, लिसावेता. सगळ्या माना माझ्याकडे वळतील. मागच्या चुलीवर हंडा असणारच, आणि त्यावर लक्ष ठेवणारी शेजारीण गप्पा मारत असणारच.

चोर्बा उतू जाऊन आग विझली तरी या वेळी मी उठणार नाही.